फुटकं गारेगार

मी नरसाळं बोलतोय. तोंड थाळीएवढं आणि घसा करंगळीएवढा, अशी माझी ठेवण. जन्मभर लोकांनी माझ्या तोंडात ओतलं आणि माझ्या घशातून दुसऱ्याचं भरलं. आपल्यापाशी काही उरत नाही, अशीच माझी समजूत होती. पण एक गोष्ट उरली आहे. ती घशात अडकली आहे, आणि तेवढ्यासाठीच तुम्हाला थांबवलं. जरा बसा.

डाकारहून तीन-चार तासांवरच्या काओलाकच्या बाजारात गालाय नावाच्या पत्रेवाल्याने मला घडवलं. टोमॅटोच्या लगद्याचा मोठा डबा कापून तोंड केलं आणि दुधाच्या डब्याचा पत्रा वळून घसा केला. माझ्या बाहेरच्या अंगाला अजून अर्धा लाल टोमॅटो दिसतो. सांध्याला कथलाचा डाग देताना म्हातारा शेजारच्या दुकानदाराशी भांडत होता, त्यामुळे घसा जरा वाकडा बसला. त्या वाकडेपणाचा एक गुण आहे. पातळ काही ओतलं की मी 'सुर्र' करतो आणि घट्ट ओतलं की 'गुळुक, गुळुक' करतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला विकत घेतलं ते माम सिगाने. माम म्हणजे आजी, आणि ती साऱ्या गल्लीची आजी होती. घरच्या घाण्याचं शेंगदाण्याचं तेल ती बाटल्यांत भरून विकायची. म्हातारी चिक्कट होती. शेवटचा थेंब उतरेपर्यंत मला उलटं धरून झटकायची आणि म्हणायची, "सोड रे चोरा, पोटात काय ठेवतोस?"

तिची सून दिबोर. दिबोर न्जाय. उंच, सावळी, कामाला वाघीण. नवरा मिठागरात राबायचा, घरात खायला कमी नव्हतं, पण त्या घराला दृष्ट लागल्यासारखं झालं होतं. दिबोरला तीन बाळं झाली आणि तिन्ही गेली. एक रांगत होतं, एक नुकतं उभं राहत होतं, एकाला 'याय' म्हणून आईला हाक मारता येत होती. तिन्ही उन्हाळ्यात गेली. आमच्याकडचा उन्हाळा माणसाला भाजून काढतो, कोंबड्या चालता चालता पडतात, तिथे बाळाच्या जिवाचं काय? पांढऱ्या कापडातली तीन इवली गाठोडी दारातून बाहेर जाताना मी खिळ्यावरून पाहिली आहेत. तिसऱ्या वेळी दिबोर रडलीसुद्धा नाही. ती चुलीपुढे बसून राहिली आणि भात करपला.

चौथ्या वेळी मुलगी झाली. आठव्या दिवशी नाव ठेवायचं असतं. त्या दिवशी पहाटे मामने बाळ उचललं, फाटक्या कापडात गुंडाळलं आणि मागच्या अंगणात राखेच्या ढिगावर नेऊन ठेवलं. दिबोर दारात उभी होती. तिने हात पुढे केले नाहीत, कारण तसं आधीच ठरलं होतं.

मग शेजारची किने जोप आली. न्जाय आणि जोप ही आमच्याकडची थट्टेची आडनावं. एकाने दुसऱ्याला खादाड म्हणायचं, दुसऱ्याने पहिल्याला गुलाम म्हणायचं, आणि कुणी रागवायचं नाही. बापजाद्यांपासूनचा रिवाज आहे.

"अगं बाई, ही काय चिंधी टाकलीय इथे?" किने मोठ्याने म्हणाली. "ए न्जाय, विकतेस का ही?"

"विकू कशाला? फुकट ने," दिबोर म्हणाली.

"फुकटचं आम्ही जोप लोक घेत नाही."

"हो ना! फुकटचा भात तेवढा पातेलंभर घेता!" माम मागून ओरडली. किने हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, पदरातून मूठभर जाड मीठ काढलं आणि दिबोरच्या ओंजळीत ओतलं. पोर विकली गेली. नाव ठेवलं सगार. सगार म्हणजे चिंधी.

मामने सुनेला आत नेऊन बजावलं, तेही मी ऐकलं. "ही आता किनेची. तुझ्याकडे नुसती सांभाळायला आहे. मरण या घराच्या वाटेला सरावलंय, दिबोर. ते डोकावून बघणार. त्याला दिसलं पाहिजे की हिची इथे कुणाला किंमत नाही. हिला चांगलं म्हणू नकोस, चांगलंचुंगलं देऊ नकोस, चारचौघांत जवळ घेऊ नकोस. तुझ्या मनातली भीती जाईल तेव्हा मीठ किनेला परत कर आणि तुझी पोर घे. त्याआधी माया दाखवलीस तर मग मला बोल लावू नकोस."

दिबोरने ते मीठ एका फडक्यात बांधलं, पुरचुंडी चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्या खिळ्याशेजारच्या फळीवर ठेवला. पुढच्या थंडीत माम गेली. तेलाचा धंदाही तिच्याबरोबर गेला.

सगार चार वर्षांची झाली तेव्हा नवरा गांबियात कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. दिबोरने त्याचं नावसुद्धा काढलं नाही. तिने बांगड्या मोडल्या आणि बोटीतून आलेला एक जुना फ्रीझर घेतला. त्याचं झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून वर दगड ठेवायची. मला गरम पाण्याने, राखेने, लिंबाने इतकं घासलं की मामच्या तेलाचा वासही उरला नाही. माझा दुसरा जन्म तो.

दिबोर गारेगार करू लागली. गोरखचिंचेचा पांढरा गर बियांसकट भिजवायचा, हाताने कुस्करायचा, गाळायचा, साखर घालायची. मग लांबट पिशवीच्या तोंडात माझा घसा, आणि माझ्या तोंडात ओगराळं. सुर्र. गाठ मारली की पुढची पिशवी. कधी लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत, कधी आल्याचं, पण खरी मागणी गोरखचिंचेला. दुपारी शाळा सुटली की पोरं दारात झुंबड करायची. पिशवीचा कोपरा दाताने तोडायचा, थुंकायचा आणि चोखत घरी जायचं. एक खरं सांगतो, दिबोरचं गारेगार पातळ होतं. एका किलोच्या गरात ती दोन किलोचं पाणी घालायची. पोटं तर भरायची होती ना!

पण रोज सगळ्या पिशव्या भरून झाल्या की ती दारात जाऊन इकडेतिकडे बघायची. मग तळाचा घट्ट गर एका वाटीत काढायची. त्यात डब्यातलं गोड दूध दोन चमचे. त्यावर जायफळ, तेही नख लागेपर्यंत किसून. ते मिश्रण माझ्या घशातून उतरायचं. गुळुक, गुळुक. मी ते मुद्दाम सावकाश उतरू द्यायचो. ती एक पिशवी अर्धवट गोठली की ती बाहेर काढून कोपऱ्याला दात लावायची. थोडा गर बाहेर ओघळायचा आणि वरच गोठून बसायचा. पिशवी अगदी फुटल्यासारखी दिसायची.

संध्याकाळी दारातल्या पोरांदेखत ती सगारकडे ती पिशवी फेकायची. "ए चिंधी, हे फुटलंय. गिऱ्हाईक घेणार नाही. चोख आणि वाटेतून बाजूला हो."

पोरं हसायची. सगार पिशवी उचलायची आणि उंबऱ्यावर पाठ करून बसायची. दिबोर भांडी घासायला बसायची, पण तिचे डोळे त्या पाठीवर असायचे. पोर शेवटचा थेंब चोखेपर्यंत तिचे हात फिरायचे नाहीत.

एकदा सगारने विचारलं, "माझं घट्ट कसं गं? बाकीच्यांचं तर आरपार दिसतं."

"पाणी गळून गेलंय त्यातलं. चोथा राहिलाय," दिबोर म्हणाली. पोरीला खरं वाटलं. तिने दुसरं चाखलंच नव्हतं, मग तुलना करणार कशाशी?

ती नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. किनेकडे आलेल्या पाहुण्याने तिला एक नाणं दिलं. पोर आमच्या दारात आली ती इतर पोरांच्या रांगेत उभी राहिली. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं. तिची पाळी आली तेव्हा तिने नाणं पुढे केलं.

"एक दे. अख्खं. न फुटलेलं."

दिबोरने नाण्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिला त्या क्षणी देऊन टाकावंसं वाटलं असेल. पण तो मे महिना होता. समोरच्या घरातलं तान्हं दोनच दिवसांपूर्वी तापाने गेलं होतं. मरण गल्लीतच होतं.

"हे विकायचं आहे," ती म्हणाली.

"मी विकतच घेतेय ना!"

"तुझ्यासाठी नाही हे. चिंध्यांना फुटकंच मिळतं. हो बाजूला."

मागच्या पोरांत खसखस पिकली. सगारने मूठ मिटली. डोळ्यांत पाणी काठोकाठ आलं होतं, पण तिने ते सांडू दिलं नाही. "मी तुझं अख्खं गारेगार जन्मात खाणार नाही," ती म्हणाली. "कुणी फुकट दिलं तरी नाही." आणि तिने ते पाळलं. मैत्रिणींनी दिलं तरी नाही, ईदेला वाटलं तरी नाही. हट्टात ती आईवर गेली होती.

त्या संध्याकाळी दिबोरने वाटीतलं दूध तीन चमचे केलं. आणि फळीवरचा डबा काढून, पुरचुंडी हातात धरून ती पुटपुटली, "हा उन्हाळा निघू दे. उन्हाळा निघाला की परत करते."

तेव्हापासून मी दरवर्षी हेच ऐकत आलो. उन्हाळा निघायचा. मग पावसाळ्यात हिवतापाची भीती. मग वाटायचं, आता एवढं थांबले, अजून एक उन्हाळा जाऊ दे. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. दिबोर तर ताक थंडगार झालं तरी फुंकतच राहिली. पावसाळी हवेने मिठाला पाणी सुटायचं, पुरचुंडी ओली व्हायची, मग ती ते मीठ उन्हात वाळवून नव्या फडक्यात बांधायची. पोर वाढत होती आणि मीठ मुठीतून अर्ध्या मुठीवर येत होतं.

किने सांगून सांगून थकली. "अगं न्जाय, पोर सतरा वर्षांची झाली. न्हाती-धुती झाली. मरणालासुद्धा कंटाळा असतो की नाही? आण ते मीठ इकडे. माझ्या आमटीत टाकते आणि मोकळी होते."

"तुला आमटीच आठवणार. जोपांना खायचंच सुचतं," दिबोर हसून उडवायची.

"थट्टा पुरे. ती तुझ्याकडे कशी बघते, बघितलंस का कधी?"

"बघते ना. म्हणजे जिवंत आहे. मला तेवढं पुरे."

पण पोरीला ते पुरेसं नव्हतं. नावामागची गोष्ट तिला ठाऊक होती, गल्लीत तशी आणखी दोन-तीन मुलं होती. कुणी 'नकोशी', कुणी 'उकिरडा'. त्यांच्या आया पाच-सहा वर्षांत सोंग टाकून मोकळ्या झाल्या होत्या. एकदा सगार किनेला म्हणाली, मी ऐकलं, "मावशी, सोंग किती वर्षं करता येतं? कधी तरी हसू फुटतंच ना? हिचं फुटलं नाही. म्हणजे आता ते सोंग नाही." किनेने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

एकोणिसाव्या वर्षी सगार शिवणकामाला डाकारला निघाली. पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "याय, जाते मी."

दिबोर गर कुस्करत होती. तिने मान वर केली नाही. "जा. तेवढाच केर कमी."

घोडागाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा दिबोरने हात न धुताच फ्रीझरच्या झाकणावर कपाळ टेकलं. त्या दिवशी एकही पिशवी भरली गेली नाही आणि आलेली पोरं हात हलवत परत गेली. मला त्या बाईचा इतका राग आला होता, आणि तिच्याइतकी कीवही मला कुणाची आली नाही.

पुढे सहा वर्षं फोन होता. "जिवंत आहेस ना? मग झालं," एवढं बोलून दिबोर फोन ठेवायची आणि किनेला पुन्हा पुन्हा सांगायची, "आवाज बरा होता हं. सर्दी नव्हती." एका वर्षी सगारने स्वतः शिवलेला निळा पायघोळ झगा पाठवला, गळ्याला पिवळ्या दोऱ्याचं बारीक काम. दिबोरने तो एकदाही घातला नाही. घडी घालून उशाखाली ठेवला.

मग या वर्षी फोन आला. सगारला मुलगी झाली होती. नाव ठेवलं होतं दिबोर. "तबास्कीला घेऊन येते. बघायची असेल तर बघ," सगार कोरड्या आवाजात म्हणाली. बकऱ्याच्या त्या सणाला अजून अकरा आठवडे होते.

दिबोर फोन ठेवून आत आली आणि मला पाहून हसली. माझ्या उभ्या आयुष्यात तिला एकटी असताना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या शुक्रवारी तिने ते घट्ट मिश्रण केलं, दूध आणि जायफळ घालून. पुढच्या शुक्रवारीही केलं. दर शुक्रवारी एक. सवयीने कोपऱ्याला दात लावायची आणि फडक्यात गुंडाळून फ्रीझरच्या तळाशी ठेवायची.

आठवा शुक्रवार आला. उन्हाळा अगदी रणरणत होता. तिच्या अंगात कणकण होती. अर्धवट गोठलेली पिशवी तिने बाहेर काढली, कोपरा दातात धरला, आणि थांबली. मग तिने पिशवी तोंडातून काढली, पदराने पुसली आणि म्हणाली, "नको. हे अख्खंच देईन. पोरीच्या हातात देईन." गाठ पुन्हा घट्ट करून तिने ती पिशवी बाकीच्यांसोबत ठेवली. मग उशाखालचा निळा झगा काढला, आतल्या शिवणीजवळचा एक तुकडा कापला, आणि मीठ त्यात बांधलं. डब्यात ठेवताना तिचे शब्द अगदी स्पष्ट होते. "तबास्कीला देते. उन्हाळा असला तर असू दे. आता नाही भीत मी."

हे ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मी होतो.

तिसऱ्या दिवशी ती गेली. ताप डोक्यात गेला म्हणाले. आमच्याकडे माती लवकर देतात. सगार दुपारच्या गाडीने आली तेव्हा पुरुष दफन करून परतत होते. ती तान्ह्या पोरीला पाठीशी बांधून दारात उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता हंबरडा फोडेल. तिने फक्त विचारलं, "माझ्यासाठी काही बोलली?"

"शुद्धच नव्हती गं," किने म्हणाली.

"हं," सगार म्हणाली. नंतर सात दिवस ती घर झाडत होती, लोकांना जेवायला वाढत होती, आणि तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं.

आठव्या दिवशी किने म्हणाली, "फ्रीझरमध्ये तिने केलेलं गारेगार पडलंय. तिच्या नावाने पोरांना वाटून टाक. तिला थंडावा मिळेल."

पोरं जमली. सगार एकेक पिशवी काढून देत होती. शेवटी एक लहानगी, आवा तिचं नाव, आपली पिशवी मिळाल्यावरही जाईना. "तू नाही घेतलंस?"

"मला नको."

"घे पोरी," किने म्हणाली. "मेलेल्या माणसाच्या नावाचं नाकारू नये. तुझा हट्ट तिच्याबरोबर गेला असं समज."

सगारने एक पिशवी घेतली. अख्खी. कोपरा तोडला आणि तोंडाला लावली. चोखता चोखता थांबली. पुन्हा चोखून बघितलं.

"हे काय आहे? हे बिघडलंय."

"बिघडलेलं नाही," आवा म्हणाली. "असंच असतं."

"असं नसतं. हे नुसतं पाणी आहे. दूध कुठाय यात? जायफळ कुठाय?"

"जायफळ?" किने हसलीच. "दिबोरच्या गारेगारात जायफळ? अगं, ती साखर घालताना हात आखडायची. इतकी वर्षं खातेय मी. जायफळ कधी बघितलं नाही त्यात."

"होतं. रोज होतं. माझ्या…" सगारचं वाक्य तिथेच तुटलं.

ती फ्रीझरवर ओणवी झाली. दोन्ही हातांनी बर्फ खरवडून तळातलं फडकं बाहेर ओढलं. आत आठ पिशव्या. सात फुटक्या, कोपऱ्यावर दातांच्या खुणा. एकाच जागी, एकसारख्या. आपोआप फुटलेल्या पिशवीवर दातांच्या खुणा कशा येतील, हा प्रश्न तिला लहानपणी कधी पडला नव्हता. तिने एक चोखली. तेच दूध, तेच जायफळ.

"ती स्वतः फोडायची गं, मावशी," ती म्हणाली. "ती स्वतः फोडायची."

मग आठ दिवसांचं, नव्हे, पंचवीस वर्षांचं रडू आलं. पाठीवरचं तान्हं घाबरून रडायला लागलं. गल्लीतली पोरं हातातल्या पिशव्या तशाच धरून उभी राहिली. किनेही रडत होती. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं, इतकं त्या बाईने लपवलं होतं.

शेवटी सगारने ती आठवी पिशवी हातात घेतली. अख्खी होती. ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "हे फोडायचं राहिलंच तुझं, याय. आजारी पडलीस ना." आणि तिने आईसारखाच कोपरा दातात धरला आणि फोडला.

नाही गं! मी खिळ्यावरून ओरडलो. राहिलं नव्हतं! पण नरसाळ्याच्या घशातून आवाज कसा निघणार?

नंतर मला काढायला ती फळीपाशी आली तेव्हा तिला डबा दिसला. पुरचुंडीचं कापड निळं होतं, कडेला पिवळा टाका. आपल्या हातचा टाका शिंपिणीला लगेच ओळखू येतो. ती पुरचुंडी घेऊन किनेकडे गेली आणि तिच्यापुढे दोन्ही हातांनी धरली.

"घे मावशी. तुझं मीठ. मला परत दे."

किनेने हात पुढे केला आणि मागे घेतला. "कुणाला देऊ तुला, पोरी? घेणारी गेली."

"मग इतकी वर्षं का नाही दिलं तिने? प्रेम होतं तर का नाही दिलं?"

"भीत होती गं. शेवटपर्यंत भीतच राहिली बिचारी."

सगारने मान हलवली. तेच तिने खरं मानलं.

आता मी डाकारला असतो, पिकीनमध्ये, तिच्या शिवणयंत्रावरच्या खिळ्याला. माझ्या घशाच्या डागाला चीर गेली आहे, घट्ट ओतलं की थोडं बाहेर पाझरतं. रविवारी ती छोट्या दिबोरसाठी गारेगार करते. दूध घालते, जायफळ घालते आणि पिशवी अख्खी देते. "तुझ्यासाठी केलंय. मुद्दाम," असं प्रत्येक वेळी मोठ्याने सांगते. पोरीला अजून बोलता येत नाही, तरी सांगते. उरलेल्या गराची एक पिशवी स्वतःसाठी भरते, तिचा कोपरा दाताने फोडते आणि उंबऱ्यावर पाठ करून बसते. मिठाची पुरचुंडी यंत्राच्या खणात आहे. कुणालाच देता येत नाही ती.

माझे फार दिवस राहिलेले नाहीत. एक दिवस डाग पूर्ण उखडेल आणि प्लास्टिकचं दुसरं येईल. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही त्या बाजूला गेलात तर पिठाच्या गिरणीमागे, निळ्या दाराच्या घरात, सगार नावाची शिंपीण विचारा. ती खिडकीशीच बसलेली असते, आणि मी तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर लटकत असतो. तिला माझा एवढाच निरोप द्या. म्हणावं, ते आठवं गारेगार फोडायचं राहिलं नव्हतं. तुझ्या आईने ते तुझ्यासाठी अख्खंच ठेवलं होतं. शेवटी ती भीत नव्हती.